राईतला पऱ्ह्या आणि रस्त्याखालचा पऱ्ह्या

पऱ्ह्याकाठ

आमचं गाव चिपळूणपासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याला. गावाच्या दोन अंगांनी दोन पऱ्हे उतरतात. (घाटावरच्या वाचकांसाठी, पऱ्ह्या म्हणजे ओढा.) एक राईतून येतो. राईत देव आहे, तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही, त्यामुळे त्या पऱ्ह्याला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. दुसरा वरच्या वाड्यांच्या उतारावरून येतो आणि वाटेत रस्ता त्याला तीनदा ओलांडतो.

२०२१च्या उन्हाळ्यात तो रस्ता रुंद झाला. काम मार्चअखेरीला धरलं, मे संपताना उरकलं. डोंगराच्या अंगाने कापलेली लाल माती, दगड, मुळं, सगळं दरीच्या अंगाला ढकललं. त्यावर गवत धरायच्या आत पाऊस लागला. त्या वर्षीचा २२ जुलै कसा होता ते चिपळूणकरांना सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर गेलो, तर ज्या डोहात मी पोहायला शिकलो तो गुडघाभर उरला होता. ग्रामसभेत मी म्हटलं, हा रस्त्याच्या मातीचा गाळ आहे. काम केलेल्यांच्या बाजूने एक जण उठला आणि म्हणाला, "अहो, अख्खं चिपळूण बुडालं. एवढा पाऊस झाल्यावर डोह भरणारच. रस्त्याचा काय संबंध?" मला उत्तर देता आलं नाही. डोह आधी किती खोल होता हे मला अंगाने ठाऊक होतं, पण कागदावर कुठेच नव्हतं.

घरी येताना राईकडून आलो. तिथला डोह जसाच्या तसा. पाऊस तोच, डोंगर तोच, तारीख तीच, आणि तळाचे गोटे स्पष्ट दिसत होते. तेव्हा कळलं की माझ्याकडे साक्षीदार होता, मीच त्याला सभेत उभा केला नव्हता.

तेव्हापासून दर पावसाळ्यात दोन्ही पऱ्ह्यांवर जातो. अंगणात पर्जन्यमापक आहे, रोज सकाळी साडेआठला पाऊस लिहितो. मोठी सर येऊन गेली की दोन बरण्यांत दोन्हीकडचं पाणी भरतो आणि त्याच दगडावर उभा राहून फोटो काढतो. राईतला पऱ्ह्या सकाळी गढूळला तर दुपारी निवळतो. रस्त्याखालचा दुसऱ्या दिवशीही चहासारखा असतो.

आता धागा काढायचं कारण. याच उन्हाळ्यात रस्त्याखालच्या पऱ्ह्याचं 'पुनरुज्जीवन' ठरलंय. म्हणजे पोकलेन लावून गाळ काढणार, पात्र रुंद आणि खोल करणार. माझा गाळ काढायला विरोध नाही. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा म्हणून २०२१च्या डिसेंबरात चिपळूणकर उपोषणाला बसले होते, त्या मागणीमागचं दुःख मी जवळून पाहिलंय. पण वरून माती येतच राहिली तर खालून काढून काय होणार? आणि काम झाल्यावर पऱ्ह्या सुधारला की बिघडला, हे ठरवणार कशावरून?

अमेरिकेतल्या ३७ हजारांहून जास्त नदी-पुनरुज्जीवन प्रकल्पांच्या नोंदी अभ्यासकांनी एकत्र केल्या होत्या, २००५ साली 'सायन्स'मध्ये ते काम छापून आलं. काम झाल्यावर परिणाम तपासल्याचा उल्लेख त्यातल्या जेमतेम १० टक्के नोंदींत सापडला. इतका पैसा असलेल्या देशात ही गत. रस्ता न मोजता झाला. निदान दुरुस्ती तरी मोजून व्हावी असं मला मनापासून वाटतं. मशीन यायच्या आधी माझ्या हातात थोडेच दिवस आहेत. काय मोजू, कसं मोजू, सांगा.

अबोली

दादा, आधी मोऱ्या बघा. रस्ता ओलांडतो तिथे सिमेंटचे पाईप टाकलेत ना? पाईपाच्या खालच्या तोंडाशी पाणी वरून पडतं का? पडत असेल तर चढणीचे मासे (पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे) तिथेच अडकतात. आमच्याकडे सिंधुदुर्गात मृगाच्या पावसात हे वलगणीचे मासे व्हाळातून (ओढ्यातून) थेट शेतात चढायचे, लहानपणी आम्ही कंदील घेऊन जायचो. आमच्या व्हाळावर पाईपमोरी झाली. दोन-तीन पावसांत तिच्या खालची माती वाहून गेली आणि पाईपाचं तोंड हातभर अधांतरी राहिलं. त्यानंतर वरच्या मळ्यांत मासा नाही. पाणी गढूळ नव्हतं, गाळ नव्हता, फक्त एक हातभर उडी होती.

साकव

मी रस्त्यांच्याच कामावर ३० वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पऱ्ह्याकाठ, तुमचं दुखणं खरं आहे, पण तुम्ही बघताय चुकीच्या जागी. तुम्ही पऱ्ह्यात उभे राहून वर बघता. एकदा धो धो पावसात छत्री घेऊन रस्त्यावर चाला आणि खाली बघा.

डोंगर कापला की दोन गोष्टी होतात. उघडी माती वाहते, ती सगळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. आपल्याकडे मातीखाली कातळ असतो आणि पावसाचं पाणी त्या दोहोंच्या सांध्यातून हळूहळू झिरपत खाली जातं. कापणीने तो सांधा उघडा पडतो. जे पाणी आठवडाभरात पऱ्ह्यात पोचलं असतं ते साईड गटारात पाझरतं आणि तासाभरात मोरीशी येतं. म्हणून पूर लवकर चढतो आणि झरा लवकर आटतो. एकाच रस्त्याची ही दोन्ही कामं.

तेव्हा रस्ता चालताना एवढंच टिपा, की गटारातलं पाणी रस्ता सोडतं कुठे आणि सोडल्यावर जातं कुठे. झाडीत पसरून मुरलं तर त्याची माती तिथेच बसते. थेट मोरीतून पऱ्ह्यात गेलं तर तेवढी लांबी पऱ्ह्याला जोडली गेली असं समजा. सगळा रस्ता कधीच दोषी नसतो. तीन किलोमीटरमध्ये चार-पाच जागा अशा निघतात की बहुतेक माती तिथूनच जाते. त्या सापडल्या तर दुरुस्ती स्वस्त पडते: मोरीच्या अलीकडे गटार फोडून पाणी रानात सोडायचं, खाली अनघड दगडाचा पसारा टाकायचा, ढकललेल्या मातीवर वाळा लावायचा.

आणि मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहतं आणि अख्खा भराव घेऊन जातं. मे महिन्यात मोऱ्या साफ झाल्या की नाही, हे नोंदवहीतलं पहिलं पान असू द्या.

बॉइझीकर

साकव काकांनी जे छत्री घेऊन करायला सांगितलंय, तेच इथे अमेरिकेच्या वनखात्याचे लोक जीपीएस घेऊन करतात. आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरातल्या त्यांच्या संशोधकांनी आणि युटा स्टेट युनिव्हर्सिटीने मिळून त्यासाठी 'ग्रेप' नावाची पद्धत बसवली. जंगलातल्या रस्त्यावरून चालायचं, पाणी जिथे रस्ता सोडतं ती प्रत्येक जागा नोंदवायची, तिथून ओढ्यापर्यंत माग आहे का पाहायचं. काढलेला निष्कर्षही काकांचाच: थोड्या जागा, बहुतेक माती.

आयडाहोला ही अक्कल फार महाग पडली. इथली साउथ फोर्क सॅमन नदी चिनूक सॅमनच्या विणीसाठी नावाजलेली. १९५०-६०च्या दशकांत तिच्या खोऱ्यात लाकूडतोडीसाठी उभ्या उतारांवर रस्ते कापले. तिथला डोंगर ग्रॅनाइटचा, कुजून भुसभुशीत झालेला. १९६४-६५च्या वादळी पावसांत रस्ते घसरले, सगळी रेती नदीत आली आणि मासे ज्या गोट्यांत अंडी घालतात ते गोटेच पुरले गेले. त्यानंतर वनखात्याला त्या खोऱ्यातली तोड आणि नवे रस्ते थांबवावे लागले. पुढे मेगाहान आणि किड यांनी १९७२मध्ये मोजमाप छापलं: तिथल्या तोडीच्या रस्त्यांवरून पहिल्या सहा वर्षांत नैसर्गिक धुपीच्या सरासरी ७५० पट माती गेली होती. हा आकडा वाचला त्या दिवशी मला आमच्या वरंध घाटाची कड आठवली.

तुमच्या साक्षीदाराबद्दल. कोलंबिया नदीच्या आतल्या खोऱ्यात वनखात्याचा 'पिबो' नावाचा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू आहे. त्याचा कणा तुमच्या राईचाच आहे. रस्ते, चराई, तोड असलेले ओढे एका बाजूला आणि जवळपास हात न लागलेले ओढे दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे तेच मोजायचं, काही वर्षांनी परत त्याच जागी जाऊन मोजायचं: डोहांची खोली, डोहाच्या शेपटीला साचलेली बारीक रेती, काठाची पडझड, पात्रात पडलेली लाकडं, पाण्याचं तापमान, किडे. इथे हात न लागलेले ओढे शोधायला दोन दिवस चालत जावं लागतं. आपल्याकडे देवाने गावाशेजारी राखून ठेवलेत. त्यांचा असा उपयोग करावा हे मला इतकी वर्षं सुचलं नाही.

सोपं साधन हवं असेल तर १०० दगड मोजा. वोल्मन नावाच्या नदी-अभ्यासकाने १९५४मध्ये सांगितलेली रीत आहे. पात्रात या काठावरून त्या काठावर चालत जायचं, प्रत्येक पावलाला नजर वर ठेवून बुटाच्या टोकाशी बोट लावायचं, जो दगड आधी लागेल तो उचलायचा आणि त्याची मधली रुंदी मोजायची. ना सर्वांत लांब बाजू, ना सर्वांत आखूड. असे १०० झाले की पुरे. नजर वर ठेवायची कारण माणसाचा हात आपसूक सुबक गोट्याकडे जातो. वरून बारीक माती येऊ लागली की १००मधले लहान वाढतात.

वाडीवरचा

सगळं वाचलं. वाईट वाटलं म्हणून लिहितोय. त्या 'वरच्या वाड्यां'पैकी अशाच एका वाडीतला मी. रस्ता नव्हता तेव्हा माझ्या आजीला पावसात डोलीत घालून खाली आणलं, वाटेतच गेली. तुमचा डोह भरला, आमचं माणूस वाचायला लागलं. आता तुम्ही मोजमाप करून रस्ता वाईट ठरवणार आणि पुढच्या वाडीचा रस्ता अडणार. मोजणाऱ्यांनी हेही मोजावं.

पऱ्ह्याकाठ

दादा, तुमच्या आजीचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. रस्ता नको असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. माझी आईसुद्धा त्याच रस्त्याने दवाखान्यात पोचली.

पण त्याच मातीबरोबर तुमच्या वाडीचाही रस्ता वाहून जातो. मोरी तुंबून भराव गेला की पहिल्यांदा तुटते ती वाडी, मी तर खालीच राहतो. साकव काकांनी सांगितलेल्या चार-पाच जागा नीट झाल्या तर पऱ्ह्याही राहील आणि ऑगस्टमध्ये तुमची गाडीही वर जाईल. मला मोजून रस्त्याला दोष लावायचा नाही, ती जागा शोधायची आहे. आणि ती जागा माझ्यापेक्षा तुम्हा वरच्या लोकांना जास्त ठाऊक असणार, कारण पावसात रोज चालता तुम्ही.

वाडीवरचा

दुसऱ्या मोरीच्या वरचं वळण. दर वर्षी तिथेच खचतं. पोरंसुद्धा सांगतील.

चतुर

मी प्राणिशास्त्र शिकवते. पऱ्ह्याकाठ, बरणीतलं पाणी त्या दिवशीचं सांगतं, दगडाखालचे किडे मागच्या वर्षभराचं सांगतात. वाहत्या पाण्यातला मूठभर आकाराचा दगड अलगद उलटा. चपटी, शेपटीला बहुधा तीन केसासारखे धागे असलेली पिल्लं दिसली तर ती मेफ्लायची. बारीक खड्यांचं घर करून दगडाला चिकटलेल्या अळ्या कॅडिसफ्लायच्या. दोनच धागे, प्रत्येक पायाला दोन नख्या आणि निवांत चाल असेल तर स्टोनफ्लाय. हे तिघे दगडांमधल्या फटींत, खेळत्या पाण्यात राहतात. फटी मातीने बुजल्या की ते कमी होतात आणि लाल, दोऱ्यासारख्या अळ्या, गांडुळासारखे कृमी वाढतात. नावं अचूक आली नाहीत तरी चालेल, 'किती प्रकारचे' एवढं मोजलं तरी पुष्कळ कळतं.

पण दोन सूचना. पावसाळ्यात जाऊ नका, पूर किड्यांना वाहून नेतो आणि तुम्हालाही नेईल. पाणी निवळल्यावर, दिवाळीच्या आसपास एकदा आणि पाणी वाहतं आहे तोवर फेब्रुवारीत एकदा. दुसरं, राईतला पऱ्ह्या सावलीत आहे, दुसऱ्यावर ऊन पडत असेल. त्यामुळे काही किडे गाळ नसतानाही वेगळे असणार. साक्षीदार चांगला आहे, पण जुळा भाऊ नाही. म्हणून रस्त्याखालच्या पऱ्ह्यावर रस्त्याच्या *वर* एक जागा धरा आणि खाली एक. वर-खाली आणि राई, अशा तीन जागा, काम व्हायच्या आधी आणि नंतर. मग तो सभेतला माणूस पुन्हा "पाऊसच जास्त होता" म्हणाला तरी वहीत उत्तर असेल.

काळी_माती

मराठवाड्यातून लिहितोय. आमच्याकडचा नाला जलयुक्त शिवारमध्ये खोल आणि रुंद झाला. पहिल्या वर्षी तट्ट भरला, फोटो निघाले, आम्ही सगळे खूश होतो. माती काठावरच टाकली होती, ती दोन पावसांत परत आत. काठाची करंजं आणि शिंदी आधीच गेली होती, त्यामुळे काठ ढासळत राहिला. खालच्या गावाच्या विहिरींना पाणी आलं की गेलं, भांडण अजून मिटलेलं नाही, कारण आधीची पाणीपातळी कुणी लिहिलेलीच नव्हती. कॅगचा अहवाल २०२०मध्ये आला, योजनेवर ९,६३४ कोटी खर्च होऊनही भूजलावर फारसा परिणाम दिसत नाही असं त्यात होतं. काही गावांना फायदा झाला हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कुठे झाला, कुठे नाही आणि का, हे सांगायला वही लागते. हिवरे बाजार दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं, म्हणून त्यांना पीक ठरवता येतं.

तुमच्या पऱ्ह्यात पोकलेन उतरणार असेल तर माझं हात जोडून सांगणं आहे: काठच्या चार विहिरींची पातळी आजपासून महिन्यातून एकदा दोरी सोडून लिहा. आणि तळ कातळापर्यंत खरवडू देऊ नका.

मृगधारा

मी सिएटलला असते. मातीचं सगळ्यांनी लिहिलंच, रस्त्याची आणखी एक गोष्ट सांगते. इथल्या शहरी ओढ्यांमध्ये कोहो सॅमन पावसानंतर काही तासांत तडफडून मरायचे, अंडी घालायच्या आधीच. ओढे सुधारले होते, काठी झाडं लावली होती, मासे परत आले आणि मेले. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. २०२०च्या डिसेंबरात ते कळलं: टायरचं रबर टिकावं म्हणून घालतात त्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन बनणारं '६पीपीडी-क्विनोन'. रस्त्यावरचा टायरचा भुगा पावसाने ओढ्यात जात होता. पण ते रस्त्याचं पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं तेव्हा मासे जगले, हे त्याआधीच्याच प्रयोगांत दिसलेलं होतं. म्हणजे साकव काकांचं "पाणी रानात सोडा" हे मातीपुरतं नाही.

बॉइझीकर

@काळी_माती, तुमचा प्रश्न "दुरुस्ती उपयोगी पडते का" असा असेल तर पडते, वरून केली तर. कॅलिफोर्नियात रेडवुड नॅशनल पार्क १९७८मध्ये वाढवलं, तेव्हा आत आलेली बरीचशी जमीन आधीच तोडलेली होती आणि तोडीच्या रस्त्यांनी विंचरलेली होती. तिथल्या लोकांनी नदीत मशीन न उतरवता डोंगरावर नेली. मोऱ्या उकरून काढल्या, ढकललेली माती परत वर ओढून मूळ उतार बसवला. मग १९९७चं मोठं वादळ आलं. मेरी अॅन मॅडेज यांनी नंतर जाऊन मोजलं: उखडलेल्या रस्त्यांवरून गेलेली माती तशाच सोडलेल्या रस्त्यांच्या सरासरी एक चतुर्थांश होती. आणि जिथे माती तरीही गेली ती ठिकाणं बहुतेक उताराच्या पायथ्याकडची, उभ्या चढणीवरची. हे कळलं ते काही रस्ते न उखडता राहिले होते म्हणून, तेच तिथले साक्षीदार.

आपल्याला रस्ता उखडायचा नाही, वाडीवरच्या दादांचं शंभर टक्के बरोबर आहे. पण दरीत ढकललेली माती अजून तिथेच पडलेली असेल. पोकलेनचे पहिले दोन दिवस तिथे मागा.

पऱ्ह्याकाठ

हे मला सुचलं नव्हतं. मशीन येणारच आहे, तर ते आधी वर न्यायचं. दुसऱ्या मोरीच्या वरच्या वळणाखाली तो ढीग अजून आहे, त्यावर नुसतं रान माजलंय.

काल दोन्ही पऱ्ह्यांवर १०० दगड मोजले. बरोबर पुतणी आणि तिच्या वर्गातल्या दोघी होत्या. एक बोट लावायची, एक मोजायची, एक लिहायची. रस्त्याखाली बऱ्याचदा बोटाला दगड न लागता माती लागली, तिथे काय लिहायचं म्हणून पोरी थांबल्या. मी म्हटलं, माती लागली तर 'माती' लिहा. विहिरींना दोरी सोडली. रस्त्याच्या वरची जागा वाडीवरच्या सड्याखाली (कातळाच्या पठाराखाली) धरलीय. किडे मात्र आता नाही, पऱ्हे आटलेत, दिवाळीत बघू. पण तोवर मशीन येऊन गेलेलं असेल, 'आधीचे' किडे कुठून आणायचे?

चतुर

तेच तर. काम एक उन्हाळा पुढे गेलं तर पूर्ण नोंद मिळेल, ग्रामसभेत तेवढं मागून बघा. नाहीच ऐकलं तर काम मोरीपासून खालच्या अर्ध्यातच करा, वरचा अर्धा तसाच ठेवा आणि दोन्ही तुलनेला धरा.

वाडीवरचा

ग्रामसभेला आम्ही वाडीवरून येतो. वळणाचं आमच्याकडूनच मांडलं तर ऐकतील. मोऱ्या उपसायला पोरं देतो, पावसाआधी.

साकव

मी चिपळूणजवळ पेढे गावात असतो, लांब नाही. मोऱ्यांची तोंडं, गटाराची लांबी आणि त्या ढिगाचं माप सभेच्या आधी कागदावर हवं, नाहीतर तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. रविवारी सकाळी येतो. टेप आणि लेव्हल माझ्याकडे आहे, दोन माणसं पट्टी धरायला हवीत.

वाडीवरचा

दोघं वरून येतो. सातला वळणावर.